हजेरीपट आणि चव्हाटा

सरकारी हिशेब ही सरकारचीच खाजगी चीज होय, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. कुलकर्ण्याचे दप्तर कुळांच्या दृष्टीस सहसा पडत नसे. पुढे १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याने त्याच वृत्तीला कवच चढविले. राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जन सूचना पोर्टल सुरू केले आणि पंचायतीचा खर्च संगणकाच्या पडद्यावर कोणासही पाहता येऊ लागला. या सोयीचे श्रेय लोक यंत्राला देतात. आम्हांस मात्र तिचे मूळ पाव शतकामागील एका साध्या भांडणात दिसते.

ते भांडण मजुरीचे होते. राजस्थानातील दुष्काळी कामांवर मजुरांना ठरलेली किमान मजुरी मिळत नसे. विचारावे तर, ‘तुम्ही तेवढे कामच केले नाही,’ हे ठरलेले उत्तर. खरे काय ते हजेरीपटात आणि मोजमापाच्या वहीत. आणि तीच पाहण्याची मनाई! अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह प्रभृतींनी १९९० साली स्थापिलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने ही कागदपत्रे मिळवून गावासमोर मोठ्याने वाचण्याचा उपक्रम आरंभिला. पहिली जनसुनावणी २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराणा येथे भरली. अशा सुनावण्यांतून कधी कामावर न गेलेल्यांची, एवढेच नव्हे तर मृतांचीही नावे मजुरी घेताना आढळू लागली. वकिलीत आम्ही उलटतपासण्या पुष्कळ पाहिल्या. परंतु साऱ्या गावाने मिळून एका कागदाची घेतलेली ही उलटतपासणी काही निराळीच म्हणावी लागेल. तिची बोच ग्रामसेवकांस लागली व त्यांनी कागद दाखविण्यास कसून विरोध केला. १९९६ च्या एप्रिलात ब्यावर येथे सुरू झालेले धरणे चाळीस दिवस चालले.

पुढील इतिहास परिचित आहे. गोव्याच्या विधानसभेने १९९७ सालीच माहितीचा कायदा केला, ही आम्हां शेजाऱ्यांस अभिमानाची गोष्ट. केंद्राचा कायदा २००५ साली आला. त्याचे कलम ४(२) सांगते की, लोकांना अर्जच करावा लागू नये इतकी माहिती कचेऱ्यांनी आपण होऊन प्रसिद्ध करीत जावी. पोर्टल म्हणजे त्या दुर्लक्षित कलमाची, उशिरा का होईना, झालेली अंमलबजावणी होय. त्याची घडणही सरकारी तंत्रज्ञ आणि लोकसंघटना यांच्या बैठकांतून झाली.

तथापि पडदा स्वतः काही ओळखत नाही. ‘अमुक इसम, बारा दिवस’ ही नोंद त्याला खरीच वाटते. तो इसम दोन वर्षांपूर्वी वारला, हे शेजारणीलाच ठाऊक. म्हणून नाव हाच हजेरीपटाचा प्राण. आणि नेमका तोच आता धोक्यात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) पालटले. पूर्वी सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली, वा खाजगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी माहितीच नाकारता येई, आणि तीही व्यापक लोकहित आड येत नसेल तर. नव्या शब्दयोजनेत ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरते. लोकहितार्थ माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, हे खरे. पण ते लोकहित आधी अधिकाऱ्याला पटावे लागते, आणि पटले नाही तर अपिलाच्या पायऱ्या चढणे रोजंदारीवरच्या बाईला परवडत नाही. उद्या नावांचा रकाना झाकला गेला, तर तिच्यापुढे दिवसांचे आकडे आणि रुपयांची बेरीज एवढेच उरेल. त्यातला मेलेला माणूस तिने कसा ओळखावा?