दहाने भागताना

वीजमीटरच्या पडद्यावर आकडा उमटवायचा, तर आतल्या चिपला एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं: संख्येला दहाने भागायचं, बाकी काढायची, ती अंक म्हणून दाखवायची. सी भाषेत त्यासाठी भागाकाराचं एक चिन्ह पुरतं. पण आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरला भागाकार येतच नाही. तशी इन्स्ट्रक्शनच त्यात नाही. मग भागतं कोण? या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो.

साधा मार्ग असा, की कंपायलर लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो आणि ते उत्तराचा एकेक बिट काढत बसतं. दुसरा मार्ग देखणा आहे. संख्येला २०५ने गुणा आणि आलेला गुणाकार अकरा बिट उजवीकडे सरकवा, म्हणजेच २०४८ने भागा. अकरांपैकी आठ बिट तर वरचा बाइट उचलला की आपोआप सरकतात. ७९चे १६,१९५ होतात आणि सरकवल्यावर ७ उरतात. २०५ भागिले २०४८ हे एक दशांशापेक्षा किंचित जास्त आहे. पण ० ते २५५ या टापूत ही जास्तीची रक्कम उत्तर बिघडवण्याइतकी कधीच वाढत नाही. शंका असेल त्याने सगळ्या २५६ संख्या तपासाव्यात, क्षणाचं काम आहे. ३२ बिटांच्या संख्या मात्र चारशे कोटींहून अधिक. तिथे सिद्धताच हवी. टोरब्योर्न ग्रॅनलुंड आणि पीटर माँटगोमेरी यांच्या १९९४च्या निबंधाने ती दिली.

जुन्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी पाठ केली, ती बाजारात हिशेबाला अडायला नको म्हणून. कंपायलरही २०५ शोधण्याचे कष्ट आधीच, आपल्या टेबलावरच्या संगणकावर उरकून घेतो.

नव्या अभ्यासकाला इथेच सावध करायला हवं. शिफ्ट स्वस्त आणि गुणाकार महाग, ही समज फार पसरलेली आहे. एटीमेगात गुणाकार दोन सायकलींत होतो, तर शिफ्टची एक इन्स्ट्रक्शन एकच बिट सरकवते. १००ने गुणायला शिफ्ट आणि बेरजांची माळ लावणारा तिथे तोट्यात जातो. मूळ ८०५१वर गुणाकार आणि भागाकार दोन्ही चार मशीन सायकलींचे, शिवाय भागाकारासोबत बाकीही हातात येते. तिथे २०५ची करामत निव्वळ हौस ठरेल. कॉर्टेक्स-एम०मध्ये तर गुणाकाराला एक सायकल लागावी की बत्तीस, हे चिप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून पुढच्या प्रकरणांत चिपचं नाव घेतल्याशिवाय कुठल्याही युक्तीला चांगली-वाईट म्हटलेलं नाही. प्रोग्रॅमच्या आकाराचा प्रश्नही आहेच: फ्लॅश मेमरी तोकडी असेल, तर संथ फंक्शनच परवडतं.

ऋण संख्यांचं प्रकरण मुद्दाम लांबवलं आहे. −७ भागिले २ याचं उत्तर सी भाषेच्या नियमाने −३. चिन्ह राखून उजवीकडे एक बिट सरकवलं, तर −४. ही तफावत मिटवायला कंपायलर जादा इन्स्ट्रक्शन घालतो. ज्या राशी ऋण होऊच शकत नाहीत, त्या अनसाइन्ड म्हणून जाहीर केल्या की हा खर्च वाचतो. अनुभवी मंडळीही हे विसरतात.

वाचकाला सी आणि द्विमान पद्धत येत असावी. असेंब्लीची सवय नसली तरी चालेल. प्रत्येक उदाहरणासोबत कंपायलरने तयार केलेला कोड ओळीओळीने उलगडून दिला आहे.