दौंड जंक्शन

महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक महत्त्वाचे रेल्वे प्रस्थानक व त्याच्याभोवती वाढलेले शहर. हे भीमा नदीच्या उजव्या तीरावर, पुण्याच्या पूर्वेस लोहमार्गाने सु. ७६ किमी. अंतरावर असून दौंड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. मुंबई–सोलापूर हा प्रमुख लोहमार्ग व मनमाडकडे जाणारा जोडमार्ग येथे एकत्र येतात. बारामतीचा फाटाही येथूनच निघतो. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत व रेल्वेच्या वेळापत्रकांत याचा उल्लेख ‘धोंड’ असा आढळतो. दौंडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या स्थानकाचा इतिहास आहे. शेजारच्या शिरूरशी तुलना केली असता, लोहमार्गाच्या आखणीने एखाद्या भूप्रदेशातील गावांचे भवितव्य कसे बदलते, हे येथे स्पष्टपणे दिसून येते.

लोहमार्ग येण्यापूर्वी या भागात शिरूरला अधिक महत्त्व होते. घोड नदीच्या काठी व पुणे–अहमदनगर हमरस्त्यावर वसलेले हे गाव ‘घोडनदी’ या नावानेही ओळखले जाते. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी येथे पडली आणि तिच्या आश्रयाने बाजारपेठ वाढली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या दिवशी शिरूरहूनच निघाली होती. छावणी, हमरस्ता व सावकारी पेढ्या यांमुळे शिरूर हे आसपासच्या खेड्यांचे देवघेवीचे केंद्र बनले. त्या काळात दौंड हे भीमथडी तालुक्यातील नदीकाठचे एक साधे गाव होते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग जून १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यास पोहोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेस डिकसळपर्यंत व १८६० मध्ये सोलापूरपर्यंत नेण्यात आला. बोरघाटातील चढणीचे काम १८६३ मध्ये पुरे होऊन मुंबईपासून सलग वाहतूक सुरू झाली. या मार्गामुळे दौंडला स्थानक लाभले; तथापि तेवढ्याने त्याचे स्वरूप पालटले नाही. ते पालटले मनमाडच्या जोडमार्गामुळे. कंपनीचे ईशान्येकडे भुसावळला जाणारे व आग्नेयेकडे सोलापूरला जाणारे असे दोन मार्ग कल्याणपाशी एकमेकांपासून अलग होतात. एका मार्गावरून दुसऱ्यावर माल न्यावयाचा झाल्यास तो थळघाट व बोरघाट असे दोन्ही घाट ओलांडून कल्याणमार्गे न्यावा लागे. पठारावरच हे दोन मार्ग जोडले, तर ही चढउतार वाचणार होती.

या जोडमार्गाचे काम दख्खनच्या अत्यंत कठीण काळात झाले. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जखते जाळली. त्यापूर्वीच शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार पुकारण्यात आला होता. या प्रश्नावर चौकशी आयोग नेमला गेला व पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. परंतु तत्पूर्वीच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ या प्रदेशावर कोसळला. दुष्काळी कामे म्हणून रस्ते, तलाव व कालवे यांबरोबरच दौंड–मनमाड लोहमार्गाचे मातीकामही हाती घेण्यात आले. १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुराच्या रोजच्या धान्याचे प्रमाण एका पौंडापर्यंत खाली आणण्यात आले. त्याविरुद्ध अनेक कामांवरील मजुरांनी काम सोडले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सु. २३५ किमी. लांबीचा हा मार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. धान्याची ने-आण सुलभ करणाऱ्या या मार्गाच्या भरावात त्या धान्यावाचून उपाशी राहिलेल्यांचे श्रम होते, ही गोष्ट त्याच्या इतिहासातून वगळता येत नाही.

या मार्गामुळे अहमदनगर (२०२४ पासूनचे अहिल्यानगर), बेलापूर, कोपरगाव ही गावे एकीकडे मनमाडशी व दुसरीकडे दौंडशी जोडली गेली. बेलापूर स्थानकाच्या आसऱ्याने पुढे श्रीरामपूर शहर उदयास आले. शिरूर मात्र लोहमार्गापासून दूर राहिले. पुण्याहून नगरला सडकेने शिरूरमार्गे सु. १२० किमी. अंतर पडते, तर दौंडमार्गे लोहमार्गाने ते सु. १६० किमी. आहे. वाट लांबची असली, तरी बैलगाडीच्या तुलनेने रेल्वेची वाहतूक स्वस्त व जलद असल्याने जड माल तिकडे वळला. शिरूरला आजही रेल्वेस्थानक नाही.

दौंडला रेल्वेने केवळ प्रवासीच आणले नाहीत, वस्तीही आणली. वाफेच्या एंजिनांच्या काळात कोळसा व पाणी भरणे, चालक व गार्ड बदलणे, डब्यांची तपासणी व जुळणी करणे यांसाठी जंक्शनवर माणसांचा मोठा ताफा लागे. त्यांच्यासाठी रेल्वेने चाळी व बंगले बांधले. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या विविध धर्मांच्या व भाषांच्या कुटुंबांमुळे नदीकाठच्या जुन्या गावालगत एक बहुभाषिक वसाहत उभी राहिली. स्थानकाबाहेरील पेठ गाड्यांच्या वेळांवर चाले. रुळांच्या जाळ्याने शहराचे दोन भाग पडले असून लोहमार्गाखालून जाणारी कुरकुंभ मोरी हा त्यांना जोडणारा नित्याच्या रहदारीचा मार्ग होय. स्थानकाने शहर वाढविले व त्यानेच ते विभागलेही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या दौंड–बारामती या अरुंदमापी मार्गाने (पुढे रुंदमापी) नीरा कालव्याच्या बागायती प्रदेशातील माल जंक्शनशी जोडला. पुढील काळात राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्र. ५ व ७ दौंड येथे स्थापन झाले आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहत उभारण्यात आली.

जंक्शनच्या रचनेतील एक वैशिष्ट्य शहराच्या अर्थव्यवस्थेस दीर्घकाळ उपकारक ठरले. मनमाडचा मार्ग स्थानकाच्या पुण्याकडील टोकातून निघत असल्याने सोलापूरकडून येणारी गाडी सरळ मनमाडकडे जाऊ शकते. पुण्याकडून येणाऱ्या गाडीचे एंजिन मात्र येथे सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. प्रवाशांना हा खोळंबा वाटे. हमाल, फेरीवाले, उपाहारगृहे व रेल्वे कामगार यांना तोच वेळ उपजीविकेचा होता. वाफेची एंजिने गेल्यानंतर कोळसा-पाण्याचे काम संपले. त्यानंतर पुणे–दौंड मार्गाचे विद्युतीकरण होऊन २०१७ मध्ये पुणे व दौंड यांदरम्यान डेमू गाड्या सुरू झाल्या. २०२० च्या सुमारास पुणे व मनमाड या दिशा थेट जोडणारा कॉर्ड मार्ग व त्यावरील स्वतंत्र स्थानक तयार झाल्यावर उत्तरेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या मुख्य स्थानकात न येता जाऊ लागल्या. वेळ वाचला, पण ज्या थांब्यावर पेठ जगत होती, तो आखूड झाला.

१ एप्रिल २०२४ रोजी दौंड स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. दररोज पुण्यास नोकरी-शिक्षणासाठी जाणाऱ्यांची संख्या पाहता हा बदल वस्तुस्थितीस धरून होता. दुसरीकडे, शिरूर तालुक्यात रांजणगाव येथे औद्योगिक वसाहत उभी राहून पुणे–नगर रस्त्याला पुन्हा महत्त्व आले आहे. एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाने दौंडला जे दिले, त्याचा काही अंश विसाव्या शतकाच्या अखेरीस सडकेने शिरूरला परत दिला. दोन्ही गावांची भरभराट मार्गाच्या आखणीवर अवलंबून राहिली आणि ती आखणी दोन्ही वेळा गावाबाहेरच ठरली.