चूल न पेटवता पोटाला सोसेल असा खाऊ : आतड्यांच्या सुजेच्या रुग्णांसाठी माहिती

अमरावती/अकोला : वारंवार पातळ संडास, त्यात रक्त आणि आव, पोटात मुरडा, उतरत जाणारं वजन. हे महिनोन्महिने चालत असेल तर ती नुसती मूळव्याध किंवा 'उष्णता' नसूही शकते. आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात, अशा दीर्घ आजाराला डॉक्टर 'आयबीडी' म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो, तर क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आतड्याचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी करून निदान पक्कं करावं लागतं.

फक्त खाण्यानं हा आजार बरा होत नाही, औषध चालूच ठेवावं लागतं. पण संडासच्या भीतीनं अनेक रुग्ण जेवणच सोडतात. त्यानं वजन घटतं, अंगातलं रक्त कमी होतं. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं खाल्लेलं बरं सोसतं. अंगात ताकद नसताना किंवा वावरात काम असताना पुढचे पदार्थ पाच-दहा मिनिटांत होतात.

आधी आजाराची वेळ पाहा

आजार उसळला असेल, म्हणजे जुलाब, रक्त, मुरडा सुरू असेल, तर मऊ आणि कमी चोथ्याचं खावं. आजार शांत असेल तर हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावं, कायम पथ्याची गरज सगळ्यांना नसते. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल, तर साल, बिया, दाणे आणि चोथा डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आजार उसळलेला असताना

1. केळं-दही : एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून त्यात अर्धी वाटी ताजं दही घाला. अकोट, अंजनगाव सुर्जी भागात केळी घरचीच असतात. कच्चट केळं मात्र नको.

2. दही-पोहे : एक वाटी पातळ पोहे उकळून गार केलेल्या पाण्यात धुऊन दहा मिनिटं मुरू द्या. अर्धी वाटी दही, चवीपुरतं मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घाला. मिरची, कच्चा कांदा, शेंगदाणे टाकू नका.

3. मुरमुऱ्याचा काला : दोन मुठी मुरमुरे भिजवून पिळा, त्यात पातळ ताक आणि मीठ घाला.

काही जणांना दूध पचत नाही, गॅस आणि जुलाब वाढतात. दह्या-ताकात दुधातली साखर कमी असते, म्हणून ते बऱ्याच जणांना चालतं. तेही सोसत नसेल तर पोहे साध्या पाण्यात भिजवून मीठ-साखर घालून खावेत.

आजार शांत असताना

पिकलेली पपई साल-बिया काढून थोडी घ्या. वरुड-मोर्शीचं संत्रं खायचं तर फोडीवरचा पांढरा पापुद्रा काढून फक्त गर खा. सातूचं पीठ आधी दोनच चमचे, पाण्यात सैल कालवून गुळासोबत घेऊन पाहा. त्यात डाळ असते, गॅस झाला तर थांबवा. एका दिवशी एकच नवा पदार्थ खा आणि काय सोसलं ते वहीत लिहून ठेवा.

हुरडा, मक्याचं कणीस, बोरं, फुटाणे, ठेचा आणि तर्री आजार उसळलेला असताना टाळाच.

पाणी आणि स्वच्छता

हे पदार्थ शिजत नाहीत, म्हणून हात, भांडं आणि पाणी स्वच्छ हवं. या आजाराची काही औषधं प्रतिकारशक्ती कमी करतात, त्यामुळे साध्या जंतूंचाही त्रास होतो. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दह्याचा डबा दिवसभर वावरात ठेवू नका. केळी आणि कोरडे मुरमुरे न्या.

जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात त्यासाठी विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी वापरू नका, नाहीतर मिठाचं प्रमाण बिघडतं. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, खारेपणा जात नाही. नळाचं गोडं पाणी उकळून, गार करून घ्या.

हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना

• दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप किंवा छातीत धडधड
• पोट फुगून उलट्या होणं, संडास आणि वारा दोन्ही बंद
• चक्कर, लघवी खूप कमी होणं

बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नका. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यानं आजार पुन्हा उसळू शकतो. आहाराची वही पुढच्या तपासणीला सोबत न्या. काय वाढवायचं आणि काय बंद करायचं, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.