डांबरातले किडे

ट्रंकेतल्या साड्यांना कीड लागू नये म्हणून आपण डांबरगोळ्या घालतो. आणि तिकडे लॉस एंजलिस शहराच्या मधोमध डांबरानेच किडे हजारो वर्षं सांभाळून ठेवलेत! (ही दोन डांबरं वेगळी, कबूल. पण गंमत वाटते खरी.)

जागेचं नाव रँचो ला ब्रेआ. स्पॅनिशमध्ये ब्रेआ म्हणजे डांबरच. जमिनीतलं तेल भेगांतून वर पाझरतं, त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकटा उरतो. त्यावर पानं-धूळ साचली की ती जमीनच वाटते. मग एखादा बायसन फसायचा, त्याला खायला लांडगे यायचे, तेही फसायचे.

१९१३ ते १९१५ मध्ये तिथल्या संग्रहालयाने ९६ खड्डे खणले, ते मुख्यतः मोठ्या हाडांसाठी. मॅमथ आणि सुऱ्यासारख्या सुळ्यांच्या मार्जारापुढे भुंगेऱ्याला कोण विचारतो! पुढे १९४६ साली पिअर्स नावाच्या अभ्यासकाने इथल्या शेणकिड्यांच्या दोन नामशेष जातींची नोंद केली. शेण टाकणारी मोठी जनावरं गेली, त्यांच्यामागोमाग हेही गेले असावेत. १९६९ मध्ये ९१ नंबरचा खड्डा पुन्हा उघडला, तो खास बारीकसारीक गोष्टींसाठी: बिया, गोगलगायी, किडे.

किड्यांनी काय सांगितलं? हाडांवरच्या अळ्यांच्या खुणांवरून कळलं की काही जनावरांचे सांगाडे बुडण्याआधी निदान चार महिने उघड्यावर पडून होते. तिथे सापडलेल्या भुंगेऱ्यांच्या बऱ्याच जाती आजही त्याच भागात राहतात. म्हणजे हिमयुगातही तिथली हवा अधूनमधून आजच्याइतकी उबदार असणार. हाडांवरून हे कळणं कठीण. मोठं जनावर लांबून चालत येतं, बरीच थंडी-ऊन सोसतं. किड्याला हवा मानवली नाही तर तो तिथे नसतोच.

सगळ्यात मला भावली ती पानं कापून घरटं करणारी माशी. तिची दोन इवलीशी घरं १९७० मध्ये मिळाली. २०१४ मध्ये त्यांच्या स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आत कोश होते, २३ ते ४० हजार वर्षांपूर्वीचे, पानांत नीट गुंडाळलेले. पंख फुटायचे राहूनच गेले.

ती चिमुकली घरं न उघडता चाळीसएक वर्षं कुणीतरी जपली. त्या कुणाचं तरी मला फार कौतुक वाटतं. घरातला पसारा आवरताना आपण काय काय फेकून देतो, नाही का?