घरकुल आहे, पण जागा कुठाय?

या वीकएंडला थोडा इतिहास आणि थोडी बेरीज-वजाबाकी. विषय कोरडा वाटेल, पण आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी गृहकर्जाच्या हप्त्यांची एक्सेल शीट मांडलेली असतेच. तेव्हा आकडे बघून पळून जाऊ नका :-)

गोष्ट आहे वाशिम जिल्ह्याची. वऱ्हाडातला हा भाग इंग्रजांच्या काळात 'बासिम' नावाचा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा निघाला. सोयाबीन-कापसाचा, बराचसा कोरडवाहू मुलूख. इथल्या शेतमजुरासाठी परवडणारं घर म्हणजे फ्लॅट नव्हे, 'घरकुल'.

आता गंमत बघा. सरकारने सुरुवात जागेपासून केली होती. १९७१ मध्ये केंद्राने खेड्यातल्या भूमिहीन मजुरांना घरासाठी मोफत जागा द्यायची योजना आणली, १९७४ मध्ये ती राज्यांकडे सोपवली आणि १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही हा विषय होता. आधी पायाखाली जमीन, मग वर घर. सरळ हिशोब!

१९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली आणि भर बांधकामावर गेला. अनुदान वाढत गेलं : २००८ मध्ये ३५ हजार, २०१० मध्ये ४५ हजार, २०१३ मध्ये ७० हजार. २०१६ मध्ये तिची 'प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीण' झाली आणि सपाट प्रदेशासाठी रक्कम झाली १ लाख २० हजार. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २६९ चौरस फूट. काम पुढे सरकेल तसा अक्षांश-रेखांशासकट फोटो अपलोड करायचा, पुढचा हप्ता थेट बँक खात्यात. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही सिस्टीम आवडणारच. पण पहिलीच अट 'जागा आहे का?' असेल आणि उत्तर 'नाही' आलं, तर पुढचा कोड कितीही सुबक लिहा, तो चालणारच नाही.

जागा नसलेला माणूस राहतो कुठे? गावठाण पुरत नाही, मग तो सरकारी जमिनीच्या कडेला खोपट टाकतो. वऱ्हाडात गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात. जुन्या महसुली वर्गवारीतलं हे अक्षर लोकांच्या तोंडी अजून आहे. तिथे पिढी गेली तरी कागदावर तो अतिक्रमणवालाच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. गायरान वाचलंच पाहिजे, गुरं चरणार कुठे? (भूमिहीनांना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींसाठी न्यायालयाने अपवादाची वाट ठेवली होती, हेही खरं.) पण ज्याला रीतसर काही मिळालंच नाही, तो मधल्या मधे अडकला.

२०१५ मध्ये राज्याने पंडित दीनदयाल उपाध्याय योजना आणली : जागा विकत घ्यायला जास्तीत जास्त ५० हजार, पुढे ते १ लाख झाले. त्याआधी २०११ मध्ये विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली होती. ती मला सगळ्यांत शहाणी वाटते. कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि तिच्यावर २६९ चौरस फुटांचं घर, म्हणजे उरलेल्या जागेत कोंबड्या पाळा, भाजी लावा. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचं पोहरादेवी आहे, आजूबाजूला तांडे आहेत. अशा भागाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण मूळ योजनेत जिल्ह्यामागे वर्षाला गावं तीन आणि गावामागे कुटुंबं वीस. झाली साठ कुटुंबं!

आता एक्सेल शीट उघडा. २०१७ ते मार्च २०२१ या काळात त्याच 'प्रधानमंत्री आवास'च्या शहरी भागात वर्षाला १२ ते १८ लाख कमावणाऱ्या कुटुंबालाही व्याजात सवलत होती. १२ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के, म्हणजे एकरकमी साधारण २ लाख ३० हजार कर्जखात्यात जमा. आणि वाशिमच्या मजुराला? १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, शिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०१७-१८ च्या २०१ रुपये दराने १८ हजार. एकूण दीड लाख. तेही जागा असेल तर, आणि तीन महिने स्वतः घाम गाळल्यावर.

पुढे दुरुस्त्या झाल्या. २०२४ च्या नव्या शहरी योजनेत उत्पन्नाची मर्यादा ९ लाखांवर आली, आणि २०२५ मध्ये राज्याने ग्रामीण घरकुलात ५० हजारांची भर घातली. चांगलंच झालं. पण पैसे अजूनही मुख्यतः भिंतींना आणि व्याजालाच मिळतात. ज्याच्याकडे कर्ज काढायची पत नाही आणि पाय रोवायला जमीनही नाही, त्याला आधी जागा द्यायची ही गोष्ट १९७१ मध्ये दिल्लीला कळली होती.

असो. पुढच्या वेळी 'इतकी लाख घरकुलं मंजूर' असा मथळा दिसला, तर एकच प्रश्न विचारा : आणि जागा किती जणांना दिली?