लघुग्रहांचे चंद्र

श्रोतेहो, अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला प्रवासी फर्दापूरला उतरतो, दिवसभर चित्रे पाहतो आणि संध्याकाळी परततो. ज्या दगडाच्या पोटात ही लेणी आहेत, त्या दगडाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून थरावर थर बाहेर पडले आणि आपले दख्खनचे पठार तयार झाले. फर्दापूरहून सरळ रेषेत आग्नेयेला शंभरेक किलोमीटर गेले, की याच काळ्या दगडात बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर लागते. इकडे माणसाने पिढ्यान् पिढ्या छिन्नी चालवून डोंगर पोखरला. तिकडे आकाशातून आलेल्या एका धोंड्याने काही क्षणांत पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंदीचा खड्डा पाडला.

लोणारची पुराणकथा आपल्याला ठाऊक आहेच. लवणासुर तिथे भुयारात दडून बसला होता आणि विष्णूने त्याला मारले. दैत्यसूदनाचे देऊळ आजही त्या गावात उभे आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षे विद्वान मंडळी याला ज्वालामुखीचे तोंड समजत होती. आजूबाजूला सगळा लाव्हाच, तेव्हा तसे वाटणे साहजिक होते. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी मिळून तिथल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दगडातल्या स्फटिकांची, ती वितळण्याआधीच, नुसत्या धक्क्याने काच झाली होती. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो वरून आलेल्या पाषाणाचाच. अलीकडच्या मोजणीप्रमाणे ही घटना पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या सुमाराची आहे.

आता गंमत अशी, की मोठ्या सरोवराच्या उत्तरेला, काठापासून सुमारे सातशे मीटरांवर आणखी एक लहानशी गोल खोलगट जागा आहे. तिला अंबर तळे म्हणतात. रुंदी तीनशे मीटरांच्या आसपास. मग प्रश्न उभा राहतो: धोंडा एक आला की दोन? मोठ्याबरोबर त्याचा धाकटा सोबती होता काय? या प्रश्नाचा विचार करायचा, तर आकाशातले धोंडे सोबती बाळगतात की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. तोच आजचा विषय आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पहिला लघुग्रह सापडला तो १८०१ च्या १ जानेवारीला. पालेर्मोच्या पियाझीने तो पाहिला. त्याचे नाव सिरीस. त्यानंतर शोधांची रीघ लागली आणि तीत आपल्या देशाचाही वाटा आहे. मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन हे सरकारी ज्योतिर्विद १८६१ मध्ये रुजू झाले. त्याच वर्षी एप्रिलात त्यांना एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचे नाव ठेवले ‘एशिया’. १८६६ च्या मे महिन्यात त्यांनी मद्रासहूनच आणखी एक टिपला. त्याचे नाव सिल्व्हिया. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

अशा लहान दगडाला चंद्र असेल, असे तेव्हा फारसे कुणाच्या मनात येत नव्हते. १९०१ मध्ये ईरॉस नावाच्या लघुग्रहाचा उजेड कमीजास्त होताना दिसला, तेव्हा आंद्रे या फ्रेंच ज्योतिर्विदाने ही जोडी असावी असा तर्क केला. तो खरा ठरला नाही. २००० साली एक यान ईरॉसभोवती फिरू लागले आणि तो एकच लांबट दगड असल्याचे दिसले. पण तर्क चुकला तरी कल्पना चुकली नव्हती. १९९३ च्या २८ ऑगस्टला गुरूकडे निघालेले ‘गॅलिलिओ’ यान ईडा या लघुग्रहाजवळून गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत चित्रे तपासताना साठेक किलोमीटर लांबीच्या ईडाशेजारी दीड किलोमीटरचा एक ठिपका दिसला. तो ईडाचा चंद्र होता. त्याला डॅक्टिल म्हणतात. यात शंकेला जागाच उरली नाही. त्यानंतर असे चंद्र शेकड्यांनी सापडले आहेत.

तुम्ही विचाराल, एवढा मोठा सूर्य ओढत असताना हा दगड आपला चंद्र धरून कसा ठेवतो? त्याचे उत्तर असे. एका बैलगाडीत दोन माणसे बसली आहेत. बैल दोघांनाही सारखेच ओढतात, म्हणून गाडी कितीही धावली तरी दोघांमधले अंतर बदलत नाही. सूर्यही लघुग्रहाला आणि त्याच्या चंद्राला जवळजवळ सारखेच ओढतो. दोघांवरच्या ओढीत जो किरकोळ फरक राहतो, तेवढ्यावरच लघुग्रहाने मात करायची असते. आणि चंद्र जवळ असेल तर त्याला ते साधते. डिडिमॉस नावाचा पाऊण किलोमीटरचा एक लघुग्रह आहे. तो पृथ्वीइतक्या अंतरावर असताना त्याची सत्ता साठ-सत्तर किलोमीटरांपर्यंत चालते. त्याचा चंद्र डिमॉर्फस तर अवघ्या बाराशे मीटरांवर फिरतो. वेग किती म्हणाल? सेकंदाला सतरा-अठरा सेंटिमीटर, रांगत्या बाळाएवढा! या लघुग्रहावर उभे राहून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खडा फेकला, तर तो परत यायचा नाही. ओढ इतकी दुबळी. पण न्यूटनच्या नियमात लहानमोठा असा भेद नाही. ओढ दुबळी असली की फेरा सावकाश होतो, एवढेच.

आणि असा चंद्र सापडला, की शास्त्रज्ञांच्या हाती जणू तराजू येतो. दूरच्या दगडाचे वजन नुसते पाहून करता येत नाही. पण त्याचा चंद्र किती अंतरावरून, किती वेळात फेरा घालतो हे कळले, की गणिताने मालकाचे वजन निघते. पॉगसनच्या सिल्व्हियाचे असेच झाले. २००१ मध्ये हवाईच्या दुर्बिणीतून तिला एक चंद्र सापडला. २००४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीने दुसरा दाखवला. दोन चंद्र असलेला हा पहिलाच ठाऊक झालेला लघुग्रह. रोमच्या दंतकथेतल्या रिआ सिल्व्हियाच्या जुळ्या मुलांवरून त्यांना रोम्युलस आणि रेमस ही नावे मिळाली. रोम्युलस सुमारे साडेतीन दिवसांत फेरा पुरा करतो, रेमस सव्वा दिवसाहून थोड्या अधिक वेळात. त्यावरून सिल्व्हियाचे वजन पृथ्वीच्या चार लाखांव्या भागाच्या आसपास निघाले. ज्याला मद्रासच्या वेधशाळेत फक्त एक ठिपका दिसला होता, त्याचे वजन सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच्या चंद्रांनी सांगितले!

हे वजन चमत्कारिक आहे. आकाराच्या मानाने सिल्व्हिया फार हलकी. पाण्याच्या सव्वा ते दीड पट, एवढीच तिची घनता. अखंड दगड इतका हलका नसतो. तेव्हा तिच्या आत पुष्कळ पोकळ्या असाव्यात. फुटून पुन्हा गोळा झालेल्या डबराचा तो ढीग असावा. अनेक लघुग्रह असेच आहेत. त्यांना बांधून ठेवायला चुना नाही, गारा नाही. आहे ती फक्त एकमेकांची ओढ.

असा लहानसा ढीग सूर्याच्या उन्हाने लाखो वर्षांत हळूहळू जोराने गिरकी घेऊ लागतो. कुंभाराचे चाक फार वेगाने फिरले तर कडेचा चिखल उडतो, तसेच इथे होते. गिरकी सव्वादोन तासांच्या आसपास आली, की मधल्या पट्ट्यावरचे दगड सुटू लागतात. सुटलेले दगड फार दूर जात नाहीत. जवळच फिरत राहतात आणि त्यांचाच चंद्र होतो. डिडिमॉसची गिरकीही जवळजवळ सव्वादोन तासांचीच आहे, बरं का.

या चंद्राने माणसाला एक मोठा प्रयोग करू दिला. २०२२ च्या २६ सप्टेंबरला ‘डार्ट’ हे सुमारे पावणेसहाशे किलो वजनाचे यान सेकंदाला सहा किलोमीटरांहून अधिक वेगाने डिमॉर्फसवर जाणूनबुजून आदळवण्यात आले. फेऱ्याचा वेळ आधी ११ तास ५५ मिनिटे होता. तो सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. निदान ७३ सेकंद तरी कमी व्हावेत, एवढीच किमान अपेक्षा होती. आदळल्यावर उलट्या दिशेने उडालेल्या दगडधुळीने जादा धक्का दिला. येणारा धोंडा वेळीच कळला तर त्याला बाजूला सारता येईल, हे प्रथमच दिसून आले. ती जागा पाहायला ‘हेरा’ हे युरोपचे यान २०२४ च्या ऑक्टोबरात निघाले.

आता पुन्हा लोणारला येऊ. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांपैकी शंभरात पंधराएक चंद्र बाळगून असतात. मग अंबर तळे चंद्राने पाडले असेल का? अशा जोडीत चंद्र साधारणपणे मालकाच्या व्यासाच्या दीड-दोन पट अंतरावर असतो. लोणारचा पाषाण काही दहा मीटरांचाच असावा. म्हणजे त्याचा चंद्र असलाच, तर तो शे-दोनशे मीटरांवर. आणि खड्डा तर अठराशे मीटरांचा! दोघांना एकाच खड्ड्याने गिळले असते. तेव्हा अंबर तळे चंद्राचे असण्यापेक्षा, सुटून पडलेल्या एखाद्या तुकड्याचे असणे अधिक संभवते. आणि काही अभ्यासकांना तर तिथे आघाताची खूणच सापडलेली नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवायचा तर पुरावा त्या तळ्याच्या मातीत आणि दगडांतच शोधावा लागेल. म्हणून लोणारचे सरोवर जसे जपायचे, तसेच हे लहान तळेही जपले पाहिजे. त्याचा काठ खणून नेला, त्यात भर टाकली, तर साक्षीदारच नाहीसा व्हायचा.

श्रोतेहो, आपल्या पठाराच्या वयाच्या मानाने पाच लाख वर्षे म्हणजे कालपरवाचीच गोष्ट. असा धोंडा पुन्हा केव्हातरी येणारच. लोणारला तो आला, तेव्हा त्याला अडवण्याचा विचार करणारे कुणी नव्हते. आज निदान विचार करता येतो. आणि तो करायला शिकवले ते रांगत्या बाळाच्या गतीने फिरणाऱ्या एका लहानशा चंद्राने.