अजिंठ्याची भिंत आणि मनूचा हिशेब

अंध किंवा अपंग माणूस दिसला की आपल्याकडे हमखास म्हटले जाते, गेल्या जन्मीचे पाप! हा विचार आभाळातून पडलेला नाही. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात कोणत्या पापाने कोणते व्यंग येते याची यादीच आहे. दिवा चोरणारा आंधळा होतो, म्हणे! व्यंग हीच शिक्षा ठरली, की सेवेची जबाबदारी समाजावर उरत नाही.

याला उत्तर आमच्याच महाराष्ट्रात, अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत श्याम जातक रंगवले आहे. अंध आईवडिलांसाठी पाणी आणायला गेलेला श्याम राजाच्या बाणाने घायाळ होतो. श्रावणबाळाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण पाली जातकात श्यामचे आईवडील निषाद, म्हणजे शिकारी कुळातले आहेत, हे किती जणांना सांगितले जाते? आणि पश्चात्ताप झालेला राजा स्वतः पाण्याचे भांडे उचलून त्या अंध जोडप्याकडे जातो. राजाने निषादांना पाणी पाजावे! महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी लढलेल्या समाजाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

१७व्या लेण्यातच मातृपोषक हत्तीची कथा आहे. राजाने पकडून आणलेला हत्ती अंध आईच्या आठवणीने चाऱ्याला तोंड लावत नाही. शेवटी राजाला त्याला सोडावेच लागते. इथे परावलंबी आई ओझे नाही, ती नात्याचे केंद्र आहे.

आम्ही काही लपवणार नाही. पाली जातककथेतही श्यामच्या आईवडिलांच्या अंधत्वाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधलेले आहे. म्हणूनच बाबासाहेब महत्त्वाचे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला आणि स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला बुद्धाने आनंदासह स्वतः धुतले, तो प्रसंग आवर्जून घेतला.

जातिव्यवस्थेने घाण काढणे, बाळंतपण करणे ही कामे ठरावीक जातींवर आणि बायांवर लादली, वर त्यांनाच अपवित्र ठरवले. बुद्धाने ते काम आपल्या हाताने केले. आज अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणून गौरवले जाते. पण रॅम्प, शिक्षण, नोकरी आणि सेवा करणाऱ्याला योग्य मोबदला याविना तो गौरव पोकळ आहे. आम्हांला दया नको, हक्क हवा. अजिंठ्याला जाल तेव्हा चित्रांतले दागिने जरूर पाहा, पण त्या राजाच्या हातातले पाण्याचे भांडेही आठवा.

जय भीम!